उलट्या पावलांचा पहारा

कबड्डीचा सामना बघताना नवखा माणूस चढाईपटूकडे बघतो आणि जाणता माणूस कोपरारक्षकाच्या पायांकडे. चढाई करणारा पुढे येतो तसा हा मागे सरकतो, तो डावीकडे झुकला की हाही तेवढाच झुकतो. दोघांमधलं अंतर तो वाढू देत नाही आणि मिटूही देत नाही. झडप घालायची वेळ येईपर्यंत त्याचं सगळं काम एकच, समोरच्याला आपल्याला हव्या त्या कोपऱ्याकडे नेणं.

आइस हॉकीतला बचावपटू समजून घ्यायचा असेल तर सुरुवात इथूनच करावी. फरक इतकाच की पायाखाली मातीऐवजी बर्फ आहे, बुटांना धारदार पाती आहेत आणि समोरचा गडी ताशी तीसेक किलोमीटरच्या वेगानं अंगावर येतोय. आणि बचावपटू हे सगळं उलटं घसरत करतो. पाठ स्वतःच्या गोलाकडे, तोंड संकटाकडे.

या कामात ज्यांचं नाव सर्वांत वर घेतलं जातं त्यांच्यापैकी एक म्हणजे कॅनडाचा लॅरी रॉबिन्सन. वीस वर्षं तो बर्फावर बचाव करत होता आणि नंतर बाकामागे उभं राहून इतरांना तो शिकवत होता. त्याच्या गोष्टीतून हा खेळ बऱ्यापैकी उलगडतो, म्हणून त्याचंच बोट धरू.

आधी मैदान. २०० फूट लांब, ८५ फूट रुंद, कोपरे गोल केलेले. चारी बाजूंनी फळ्यांची भिंत, तिच्यावर काच. चेंडू बाहेर गेला, खेळ थांबला, असं फारसं होत नाही. भिंत ही खेळाचाच भाग आहे, तिच्यावर आपटून पास देतात आणि माणसंही आपटतात. चेंडू असाही नाहीच. तीन इंच व्यासाची, एक इंच जाड, साधारण १७० ग्रॅम वजनाची कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात.

एका वेळी प्रत्येक संघाचे सहा जण बर्फावर असतात. एक गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आघाडीपटू. गोलरक्षक सोडून बाकीचे पाच जण जीव तोडून साधारण पाऊण मिनिट पळतात आणि बाकावर परततात; त्यांच्या जागी ताजे पाच उतरतात. हा बदल खेळ चालू असतानाच होतो. कुणी कधी परतायचं हे चुकलं तर प्रतिस्पर्ध्याला मोकळं रान मिळतं. साठ मिनिटांच्या सामन्यात संघाकडे सहा बचावपटू असतात, तीन जोड्या. त्यातला अव्वल गडी पंचवीस मिनिटांपर्यंत बर्फावर दिसतो, म्हणजे कुठल्याही आघाडीपटूपेक्षा जास्त.

मैदानावर आडव्या दोन निळ्या रेषा असतात. हल्ला करणाऱ्या संघाचा कुणीही पकच्या आधी ही रेषा ओलांडून आत जाऊ शकत नाही, गेला तर ऑफसाइड. बचावपटूची लक्ष्मणरेषा ती हीच. तिच्याजवळ त्यानं हल्लेखोराला अडखळवलं तर आधीच वेगात सुटलेले साथीदार ऑफसाइडमध्ये सापडतात आणि सगळा हल्ला विरघळतो. म्हणून तो रेषेपर्यंत येताना अंतर कमी करत आणतो, साधारण एका स्टिकच्या लांबीपर्यंत. फार लवकर भिडला तर समोरचा वळसा घालून निघून जातो, फार मागे राहिला तर त्याला फटका मारायला आरामात जागा मिळते. आणि नजर? पकवर ठेवायची नाही, छातीवर ठेवायची. पक फसवते. छाती जिकडे जाते तिकडेच माणूस जातो.

एवढं कळलं की अर्धं काम कळलं. उरलेलं अर्धं कंटाळवाणं दिसतं, पण सामने त्यावरच जिंकले जातात. प्रतिस्पर्धी पक मुद्दाम तुमच्या मागच्या कोपऱ्यात भिरकावतो. आता वळायचं, धावायचं, पाठीमागून कुणी धडकायला येतंय हे माहीत असताना खांद्यावरून एक नजर टाकायची, पक उचलायची आणि पुढच्या क्षणाला आपल्या आघाडीपटूच्या स्टिकवर पोचवायची. हा पहिला पास नीट गेला तर बचावाचा हल्ला होतो. चुकला तर गोल खावा लागतो, तोही स्वतःच्या हातानं वाढलेला.

रॉबिन्सन हा पहिला पास फार सुंदर द्यायचा. लोकांना आठवतात त्या त्याच्या धडका, पण त्याचं खरं सोनं मला या पासात दिसतं.

जन्म १९५१ चा. ओंटारिओ प्रांतात मार्व्हलव्हिल नावाच्या लहानशा गावाजवळ घरची दुभत्या गाईंची शेती. लहानपणी तो पुढे खेळायचा, गोल मारणारा; बचावात आला तो पुढे कुमार वयात. १९७१ मध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्सनं नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिलाच क्रमांक पटकावून गी लाफ्लरला घेतलं, सगळ्या देशाचं लक्ष त्याच्यावर. त्याच दिवशी, त्याच संघानं, विसाव्या क्रमांकावर रॉबिन्सनला उचललं. तोपर्यंत कॅनेडियन्सनं आणखी दोघांना घेऊन झालं होतं. म्हणजे स्वतःच्या संघाच्या यादीतही हा चौथा.

मग काही काळ हॅलिफॅक्सला, कॅनेडियन्सच्याच दुय्यम संघात. १९७३ च्या जानेवारीत वरून बोलावणं आलं आणि त्याच उन्हाळ्यात हातात स्टॅन्ली कप. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक स्पर्धेचा हा करंडक. साखळी सामने संपल्यावर बाद फेरीत दोन महिने झुंजून तो मिळवावा लागतो.

अंगानं हा सहा फूट चार इंच आणि शंभर किलोच्या आसपास. ‘बिग बर्ड’ हे टोपणनाव. सर्ज सावार, गी लापॉइंट आणि हा, अशा तीन बचावपटूंना मिळून मॉन्ट्रियलमध्ये ‘बिग थ्री’ म्हणत.

१९७६ ची अंतिम फेरी. समोर फिलाडेल्फिया फ्लायर्स, आधीच्या दोन वर्षांचे विजेते आणि त्यांची ख्याती दांडगाईची. मारामारी करून, भीती घालून जिंकणारा संघ. मॉन्ट्रियलच्या फोरम या घरच्या मैदानावरच्या एका सामन्यात रॉबिन्सननं फ्लायर्सच्या गॅरी डॉर्नहोफरला कडेला असं काही गाठलं की भिंतीची फळीच आत गेली. खेळ थांबला. कामगार हत्यारं घेऊन आले, ठोकाठोक करून फळी सरळ केली, मग सामना पुढे सुरू. कॅनेडियन्सनं ती फेरी चार सामने जिंकून ४-० अशी घेतली. यातली खुबी अशी की धडक नियमात बसणारी होती. दांडगाईला उत्तर द्यायला दांडगाई लागली नाही. योग्य कोनातून, योग्य क्षणी आलेले शंभर किलो पुरले.

त्याच्या पुढच्या हंगामात एक आकडा जन्माला आला. तो समजावून सांगायलाच हवा, कारण रॉबिन्सनबद्दल काहीही वाचायला घेतलं की तो समोर येतो: +१२०.

हा प्लस-मायनसचा हिशेब. तुम्ही बर्फावर असताना तुमच्या संघानं गोल केला, तर गोल कुणीही मारला असला तरी तुम्हाला अधिक एक. तुम्ही असताना गोल खाल्ला, तर उणे एक. एक अपवाद. नियम मोडणाऱ्या खेळाडूला सहसा दोन मिनिटं बाहेर बसवतात आणि समोरच्या संघाला एक माणूस जास्त मिळतो. याला पॉवर प्ले म्हणतात (क्रिकेटमधल्या पॉवर प्लेशी याचा काडीचा संबंध नाही). त्या जादा माणसाच्या बळावर झालेला गोल या हिशेबात धरत नाहीत.

तर १९७६-७७ मध्ये रॉबिन्सनचा हिशेब +१२० निघाला. एका हंगामात याहून मोठा आकडा फक्त बॉबी ऑरचा, १९७०-७१ मधला +१२४. पूर्ण कारकिर्दीची बेरीज मांडली तर रॉबिन्सन सातशेच्या पार जातो आणि एनएचएलच्या नोंदीत तिथं त्याच्या वर कुणीच नाही.

आता थोडी कुरकुर. हा आकडा एकट्याचा नसतो. त्या हंगामात कॅनेडियन्स ८० सामने खेळले आणि त्यातले फक्त ८ हरले. गोलात केन ड्रायडन, पुढे लाफ्लर, बाकामागे स्कॉटी बोमन. अशा संघात उभा राहिलेला साधा गडीही अधिकातच राहिला असता. पण १२० पर्यंत साधा गडी जात नाही. त्याच वर्षी रॉबिन्सननं १९ गोल केले, ६६ गोलांना हातभार लावला आणि सर्वोत्तम बचावपटूला मिळणारी नॉरिस ट्रॉफी घेतली. ती १९८० मध्ये पुन्हा मिळाली. मधल्या १९७८ मध्ये बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, म्हणजे कॉन स्मिथ ट्रॉफी. कॅनेडियन्सबरोबर सहा कप झाले: १९७३, मग १९७६ ते ७९ सलग चार, आणि १९८६. सतरा हंगामांनंतर, १९८९ मध्ये, तो लॉस एंजेलिस किंग्जकडे गेला, तिथं वेन ग्रेट्स्कीसोबत तीन वर्षं खेळला आणि १९९२ ला थांबला. वीस हंगाम खेळला आणि वीसही हंगामांत त्याचा संघ बाद फेरीत पोचला.

बचावपटूला प्रशिक्षकपण सोपं जाईल असं आपल्याला वाटतं, आणि त्यात तथ्य आहे. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाला जसं अख्खं मैदान समोर दिसतं तसंच इथं. आघाडीपटू गोलाकडे बघत धावतो. बचावपटूच्या समोर नऊ माणसं हलत असतात आणि कोण कुठं जाणार याचा अंदाज बांधण्यातच त्याचं आयुष्य जातं. १९८१ ची नॉरिस ट्रॉफी जिंकलेला रँडी कार्लाइल २००७ मध्ये अनाहाइम डक्सचा प्रशिक्षक म्हणून कप जिंकला, तोही बचावपटूच.

पण ‘प्रशिक्षक’ हा एक शब्द आपण चार वेगवेगळ्या नोकऱ्यांसाठी वापरतो, आणि रॉबिन्सनची पुढची तीस वर्षं समजायची तर तो सोडवून घ्यावा लागतो.

मुख्य प्रशिक्षक म्हणजे घरातला कर्ता. कोण खेळणार, कोण बसणार, कुणासमोर कुणाला उतरवायचं हे तो ठरवतो. खेळ थांबल्यावर आधी पाहुण्या संघाला खेळाडू बदलावे लागतात, नंतर यजमानांना. म्हणून घरच्या मैदानावर मुख्य प्रशिक्षक समोरच्या सर्वांत धोकादायक त्रिकुटासमोर नेमकी आपली सर्वांत कणखर जोडी सोडू शकतो. शिवाय पत्रकारांना उत्तरं तोच देतो आणि हरल्यावर नोकरीही त्याचीच जाते. साहाय्यक प्रशिक्षकाकडे एकेक खातं असतं. बचावाचं खातं असलेला माणूस तीन जोड्या सांभाळतो, बाकाच्या त्याच बाजूला उभा राहतो, परत आलेल्या पोराच्या कानाशी लागून सांगतो, ‘तू दोन फूट लवकर वळलास.’ व्हिडिओ दाखवतो, सरावानंतर थांबून एकट्याकडून तीच हालचाल पन्नासदा करून घेतो. त्यापलीकडे असतात विशेष कामगिरीवरचे प्रशिक्षक आणि सल्लागार: आज मुख्य संघासोबत, उद्या दुय्यम संघातल्या विशीतल्या पोरांसोबत.

रॉबिन्सननं या चारही खुर्च्या उबवल्या. माझं मत स्पष्ट आहे: तो दुसऱ्या खुर्चीसाठी जन्माला आला होता.

१९९३ मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सची सूत्रं जाक लमेरकडे आली, रॉबिन्सनच्या मॉन्ट्रियलमधल्या जुन्या साथीदाराकडे, आणि रॉबिन्सन त्याचा साहाय्यक झाला. (न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी वाचकांना हा संघ वेगळा सांगायला नको.) लमेरचा सापळा प्रसिद्ध होता. त्या काळी स्वतःच्या भागातून दिलेला पास निळी आणि मधली लाल अशा दोन रेषा ओलांडू शकत नसे, त्यामुळे हल्ला टप्प्याटप्प्यानं, मधल्या पट्ट्यातूनच यायचा. डेव्हिल्स त्या पट्ट्यात जाळं लावून बसायचे, पक असलेल्याला कडेला ढकलायचे आणि भिंतीशी कोंडायचे. कबड्डीतली साखळीच. बघायला रटाळ, खेळायला महाकठीण. १९९५ मध्ये याच जोरावर त्यांनी अंतिम फेरीत डेट्रॉइट रेड विंग्जला ४-० असं धुतलं. डेट्रॉइटच्या बाकामागे कोण होतं? स्कॉटी बोमन, रॉबिन्सनचा गुरू.

त्या यशावर त्याला किंग्जनी मुख्य प्रशिक्षक केलं. १९९५ ते ९९ ही चार वर्षं. पहिल्याच हंगामात ग्रेट्स्की दुसऱ्या संघाकडे गेला आणि चार वर्षांत एकदाच, १९९८ ला, बाद फेरी गाठता आली. तिथंही सेंट लुईसनं ४-० नं घरी पाठवलं. खेळाडू म्हणून बाद फेरी न चुकवलेल्या माणसाची ही अवस्था. मात्र त्याच १९९८ मध्ये नॉरिस ट्रॉफी मिळवली रॉब ब्लेकनं, किंग्जच्या बचावपटूनं. ब्लेक कोवळा असताना रॉबिन्सन त्याच संघात कारकिर्दीची शेवटची वर्षं खेळत होता. संघ घडला नाही, पण बचावपटू घडला. माझ्या मताला याहून बोलका पुरावा मला सापडत नाही.

१९९९ ला तो डेव्हिल्सकडे परत आला, पुन्हा साहाय्यक म्हणून. आणि २००० च्या मार्चमध्ये, साखळीचे फक्त आठ सामने उरलेले असताना, महाव्यवस्थापक लू लॅमोरिएलो यांनी मुख्य प्रशिक्षक रॉबी फ्टोरेकला काढून रॉबिन्सनच्या हाती संघ दिला. त्या आठांतले चार जिंकले, चार हरले. चमत्काराची चिन्हं नव्हती. बाद फेरीच्या उपांत्य टप्प्यात पुन्हा फिलाडेल्फिया, आणि डेव्हिल्स १-३ नं मागे. आणखी एक पराभव झाला की संपलं.

चौथा सामना हरल्यावर खेळाडूंच्या खोलीत हा एरवी मवाळ माणूस भडकला. कचऱ्याचा डबा लाथेनं उडवला. पुढचे तिन्ही सामने डेव्हिल्सनं जिंकले. हा किस्सा हॉकीवाले अजून रंगवून सांगतात, जणू लाथेनंच सामने जिंकले. मला तसं वाटत नाही. ओरडणारे प्रशिक्षक पैशाला पासरी मिळतात. हा ओरडला ते लागलं, कारण तो ओरडणारा नव्हता. आणि त्याच्या समोर बसलेले स्कॉट स्टिव्हन्स, स्कॉट नीडरमायर, केन डॅनेको हे बचावपटू त्यानं साहाय्यक असताना जवळून ओळखलेले होते. सातव्या सामन्यात स्टिव्हन्सनं एरिक लिंड्रोसला घातलेली धडक आजही अंगावर काटा आणते. लिंड्रोस निकामी होऊन बाहेर गेला. तेव्हा अशी धडक नियमात बसत होती. पुढे २०१० पासून नजरेआडून डोक्यावर घातलेल्या धडकांवर एनएचएलनं बंदी आणली, आणि ते बरंच झालं.

अंतिम फेरीत गतविजेते डॅलस स्टार्स. पाचवा सामना तीन जादा डावांपर्यंत लांबला आणि डेव्हिल्स तो हरले. सहावा दोन जादा डावांपर्यंत गेला, जेसन आर्नॉटनं गोल मारला आणि कप न्यू जर्सीला आला.

पुढच्या वर्षी कोलोरॅडोविरुद्ध ३-२ अशी आघाडी घेऊन डेव्हिल्स अंतिम फेरी हरले. २००२ च्या जानेवारीत रॉबिन्सनला काढलं. काढलं म्हणजे खुर्चीवरून, संस्थेतून नाही. २००३ मध्ये डेव्हिल्स पुन्हा जिंकले तेव्हा तो विशेष कामगिरीवरचा प्रशिक्षक होता. २००५ मध्ये पॅट बर्न्स कर्करोगाशी झुंजत असल्यानं पुन्हा कर्तेपण गळ्यात पडलं. तो हंगाम नव्या नियमांचा होता, दोन रेषांच्या पासावरची बंदी उठली होती, सगळेच चाचपडत होते. डिसेंबरात त्यानं स्वतःहून राजीनामा दिला. कारण लपवलं नाही: ताण, डोकेदुखी. शंभर किलोची धडक हसत घेणाऱ्या माणसानं ‘मला हे झेपत नाही’ म्हणणं त्या काळच्या हॉकीत सोपं नव्हतं.

आणि मग तो मजेत जगला, असंच म्हणायला हवं. पुन्हा बचावपटूंसोबत न्यू जर्सीत, २०१२ पासून सॅन होजे शार्क्समध्ये, २०१७ पासून सेंट लुईस ब्लूजचा सल्लागार. ब्लूज २०१९ च्या जानेवारीत गुणतक्त्यात तळाला होते; जूनमध्ये त्यांनी बॉस्टनला सातव्या सामन्यात हरवून कप जिंकला. रॉबिन्सनचा तो दहावा. सहा खेळाडू म्हणून, तीन साहाय्यक किंवा सल्लागार म्हणून, आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून एकच.

त्या एकाच्या रात्रीचं एक दृश्य आहे. १० जून २०००, डॅलस. सामन्याच्या सुरुवातीच्या डावात डेव्हिल्सच्या पेत्र सिकोराला डेरियन हॅचरची धडक बसली आणि त्याला रुग्णालयात हलवावं लागलं. मध्यरात्र होत आली तेव्हा आर्नॉटचा गोल झाला. खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडले, कप बर्फावर आला. मुख्य प्रशिक्षक अशा वेळी सूट-टायमध्ये, जरा बाजूला उभा असतो. रॉबिन्सननं सूटवर सिकोराची जर्सी चढवली होती. चाळीस वर्षं बुटांना पाती बांधून उतरलेला तो माणूस त्या रात्री साध्या बुटांनी, पोराचा सतरा नंबर अंगावर घेऊन, घसरत-सावरत बर्फावर चालत होता.